बघितल्याशिवाय गोळी नाही

वत्सलासिस्टर थकलेल्या नाहीत असा एक दिवस मला आठवत नाही. सकाळी साडेआठला त्या दवाखान्यात यायच्या तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावर संध्याकाळ उतरलेली असायची. सुरतेत लिंबायतहून पांडेसऱ्याला यायला दोन रिक्षा बदलाव्या लागत आणि दुसरीत कधी धड बसायला जागा मिळत नसे. आल्या की चपला काढायच्या, सलाइनच्या रिकाम्या खोक्यावर सुजलेले पाय ठेवायचे आणि पाच मिनिटं समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं. त्या पाच मिनिटांत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. मग घड्याळ बघून म्हणायच्या, "हं मंदा, बोलव पहिलीला."

मंदा म्हणजे मी. एका ट्रस्टने कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या कामगारवस्तीत दवाखाना काढला होता, त्यातल्या बायकांच्या खोलीबाहेर टेबल टाकून मी केसपेपर लिहायचे. आम्ही अमळनेरकडचे. माझे मिस्टर गोडादऱ्याला लूमवर होते. मी मॅट्रिक झालेली, सुरतेत आल्यावर गुजराती वाचायला-लिहायला शिकले, तेवढ्यावर नोकरी मिळाली. डॉक्टर मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. बाकीचे दिवस सगळा भार सिस्टरांवर असायचा. ही एक्याण्णव सालापासूनची गोष्ट.

सिस्टरांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. वडील भुसावळहून रेल्वेच्या नोकरीत उधन्याला आले, घर बौद्ध, भाऊ परत भुसावळला गेला, या इथेच राहिल्या, एवढं ठाऊक होतं. लग्न झालं होतं की नाही हे मी आठ वर्षांत विचारलं नाही. त्यांच्यासमोर बसलं की त्या आपल्याला विचारत, आपण त्यांना विचारत नसू.

आमच्याकडे येणाऱ्या बाया बहुतेक खानदेशातल्या. कुणी घरात साड्यांना खडे चिकटवणारी, कुणी मिलमध्ये कापडाचे ताके घडी करणारी. येऊन कंबर दुखते सांगायच्या, चक्कर सांगायच्या, भूक नाही सांगायच्या. सिस्टर ऐकून घ्यायच्या, पण पेन उचलायच्या नाहीत. बाई उठायची, पदर सावरायची, दारापर्यंत जायची आणि तिथे थांबून खालच्या आवाजात म्हणायची, "आणि जरा पांढरं जातं." तेव्हा सिस्टर पेन उचलायच्या आणि म्हणायच्या, "आता बस. आता खरं सुरू झालं."

बायांची ठाम समजूत होती की हाडं विरघळतात आणि ते पाणी अंगावरून जातं, म्हणून कंबर धरते. सिस्टरांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्या चिडत नसत. "हाडं इतकी स्वस्त नसतात गं," एवढंच म्हणायच्या. मग विचारायला लागायच्या. कधीपासून. पातळ की दाट. वास आहे का. खाज आहे का. लघवीला आग होते का. पोटात दुखतं का. पाळी कधी आली, दिवस तर गेले नाहीत ना, तांबी बसवली आहे का. शेवटी नवऱ्याला काही त्रास आहे का. नवऱ्याचं विचारलं की बाई हमखास खाली बघायची. सिस्टर घाई करत नसत. घाई करायला लागणारं बळ त्यांच्यात नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे कळलं, त्या मुद्दाम थांबत.

सगळ्यात अवघड प्रश्न रंगाचा. रंग कसा म्हटलं की प्रत्येक बाई "पांढरा" म्हणायची आणि गप्प व्हायची. एका पेशंटचा नवरा डाइंगमध्ये रंगमास्तर होता. त्याच्याकडून सिस्टरांनी एक जुनं शेडकार्ड मागवलं. पुठ्ठ्यावर कापडाचे बोटभर तुकडे चिकटवलेले असतात, गिऱ्हाईक त्यातून रंग निवडतं, ते शेडकार्ड. त्यातले नको ते तुकडे सोलून काढून त्यांनी सहाच ठेवले. अगदी फिका, दह्यासारखा, राखाडी, पिवळा, हिरवट आणि शेवटचा तपकिरी-लाल. "बोलू नको. नुसतं बोट ठेव," त्या म्हणायच्या. कापडात जन्म गेलेल्या बाया त्या. शेडकार्ड हातात आलं की त्यांची लाज कुठल्या कुठे जायची. एक तर बोट ठेवून म्हणाली होती, ह्याच्यापेक्षा एक शेड हलकं.

एकदा एक सासू नंदुरबारकडच्या आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. मुलगी जेमतेम एकोणीस वर्षांची. सासूचं म्हणणं, मुलगी खराब आहे, कपड्याला रोज डाग असतो, डॉक्टरचा कागद द्या, आम्ही माहेरी पोहोचवतो. मुलगी रडत नव्हती, नुसती बसली होती. सिस्टरांनी तिला आत घेऊन सगळं विचारलं. खाज नाही, वास नाही, आग नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी येतं, मग आपोआप कमी होतं. शुक्रवारी डॉक्टर मॅडमनीही बघून तेच सांगितलं. सिस्टरांनी सासूला बसवून सांगितलं की डोळ्यात पाणी असतं, तोंडात लाळ असते, तसं इथेही असतं. ते असणं म्हणजे तब्येत ठीक असणं. आणि मला म्हणाल्या, "मंदा, यांना कागद पाहिजे ना, लिहून दे. मोठ्या अक्षरात लिही, निरोगी." सासूने तो कागद उलटासुलटा बघितला. तिला वाचता येत नव्हतं. सुनेला येत होतं. तो तिने घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

त्या काळात तपासणीची सक्ती नव्हती. सिस्टर सांगायच्या, आत ये, बघू दे, पण बाई नको म्हणाली तर लक्षणांवरून गोळ्या द्यायच्या. गर्दी असली तर स्वतःहून म्हणायच्याही नाहीत. हे मी लिहिते आहे कारण पुढचं त्यामुळेच घडलं.

द्वारकाबाई आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीतली. पन्नाशीची, दोन मुलं लूमवर, स्वतः दिवसभर साड्यांचे धागे कापायची. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात ती माझ्यासोबतच दवाखान्यात आली. डॉक्टर मॅडम रजेवर होत्या, बाहेर रांग रस्त्यापर्यंत गेलेली, पंखा बंद. सिस्टर सकाळपासून खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. द्वारकाबाई म्हणाली, "पानीगत जास बाई. वास मारस." पाण्यासारखं जातं, वास येतो, असं. सिस्टरांनी वय विचारलं, पाळी विचारली. पाळी तीन सालांपासून बंद होती. सिस्टरांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. केसपेपरवर मी लिहिलं, पांढरे जाणे, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या.

महिन्याभराने ती परत आली. तेव्हाही गर्दीच होती. गोळ्या बदलून दिल्या.

तिसऱ्यांदा आली ती दिवाळीनंतर, तिच्या मोठ्या सुनेच्या आधाराने. ती आत आली आणि खोलीत वास भरला. सडक्या मांसाचा म्हणतात तसा वास, तो एकदा आला की विसरत नाही. सिस्टर उठल्या. त्यांनी काहीही न विचारता तिला पडद्यामागे नेलं. शुक्रवार होता, डॉक्टर मॅडम होत्या. गर्भपिशवीच्या तोंडाशी फुलकोबीसारखी गाठ होती आणि हात लागताच रक्त येत होतं. मॅडमनी बाहेर येऊन मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली. मग त्यांनी जुने दोन केसपेपर मागितले, वाचले आणि माझ्या टेबलावर ठेवून दिले. दोन्हींवर माझं अक्षर होतं.

त्या रविवारी सिस्टर आमच्या गल्लीत आल्या. मला म्हणाल्या, घर दाखव. द्वारकाबाई खाटेवर पडली होती, घरात सून होती. सिस्टर खाटेशेजारी जमिनीवर बसल्या. मला वाटलं, धीर द्यायला आल्या असतील, बरं होईल म्हणतील. त्या म्हणाल्या, "पाळी बंद झाल्यावर असं पाणी गेलं तर बघायलाच लागतं. मला हे माहीत होतं. मी बघितलं नाही. दोनदा नाही बघितलं."

द्वारकाबाईने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "तू देखस म्हनती, तरी मी देखू देती का?" बघते म्हणाली असतीस तरी मी कुठे बघू दिलं असतं, असं.

सिस्टर म्हणाल्या, "नसतं दिलं तर ती तुमची चूक झाली असती. मी विचारलंच नाही."

सुनेने चहा टाकला. आम्ही तिघींनी तो प्यायला. द्वारकाबाईने थोडासा बशीत घेतला.

तिला मोठ्या हॉस्पिटलात किरणांचे शेक दिले. काही दिवस रक्त थांबलं. सिस्टर दर रविवारी यायच्या, कापूस-गॉज आणायच्या, तिला धुऊन स्वच्छ करायच्या, सुनेला कसं करायचं ते शिकवायच्या. आठवड्याची एकच सुट्टी आणि तीही अशी. मी एकदा म्हटलं, सिस्टर, एखादा रविवार मी करते. त्या म्हणाल्या, तू तिला गोळ्या दिल्या नव्हत्यास. पुढच्या पावसाळ्यात मुलं तिला गावी घेऊन गेली. तिथेच ती गेली. बातमी मीच सिस्टरांना सांगितली. त्यांनी हातातलं काम संपवलं, हात धुतले आणि पुढच्या बाईला आत घेतलं. दुपारी डबा उघडला नाही, एवढंच.

पण ती गावी जाण्याच्या बरंच आधी, त्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सिस्टरांनी दारावर पुठ्ठा लावायला सांगितला होता. मराठीत आणि गुजरातीत मीच लिहिला. बघितल्याशिवाय गोळी नाही.

यावर बाया भांडल्या. शेजारी एक इंजेक्शनवाला होता, तो काही न बघता सुई टोचायचा आणि वर ताकदीची बाटली द्यायचा, अर्ध्या बाया तिकडे गेल्या. ट्रस्टच्या ऑफिसातून विचारणा झाली की पेशंट कमी का झाले. सिस्टर म्हणाल्या, बघायला वेळ लागतो. त्यांनी पडदा जाड लावून घेतला. आतलं दिसावं म्हणून जे बदकाच्या चोचीसारखं स्टीलचं साधन असतं, ते थंडीत कोमट पाण्यात बुडवून घ्यायच्या. हात लावण्याआधी प्रत्येक वेळी सांगायच्या, आता लावते, आता जरा दाब लागेल, श्वास सोड. काचपट्टीवर थेंब घेऊन त्यात मिठाचं पाणी मिसळायच्या आणि मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. मॅडमनीच त्यांना शिकवलं होतं. एकदा मलाही दाखवलं. पेशींच्या गर्दीत एक बारीक नासपतीसारखा जीव थरथरत पळत होता. सिस्टर म्हणाल्या, "हा पळतो ना, तो नवऱ्याकडून आला आणि नवऱ्याकडेच परत जाणार."

तो थेंब सरूबाईचा होता. हिरवट, फेस असलेलं पाणी आणि असह्य खाज. गोळ्या घेतल्या की बरी व्हायची, महिन्याने परत तेच. सरूबाई साबणाने, तुरटीने आणि शेवटी डेटॉलने आत धुवायला लागली होती, त्याने कातडी सोलून निघालेली. सिस्टरांनी तिला आधी ते बंद करायला लावलं. मग निरोप पाठवला की नवऱ्याचं ब्लडप्रेशर तपासायचं आहे. नवरा, विठ्ठल, नाइटपाळी करून सकाळीच आला. सिस्टरांनी खरंच ब्लडप्रेशर तपासलं. मग दार लावून त्याच्यासमोर पाच गोळ्या आणि पाण्याचा पेला ठेवला. तो म्हणाला, मला काहीच होत नाही. सिस्टर म्हणाल्या, "एकाच खाटेवर झोपता ना? निम्म्या खाटेला ढेकणाचं औषध मारून चालतं का?"

विठ्ठलने खाली बघितलं. त्याने विचारलं, हे कुठून आलं ते तिला सांगितलं का. सिस्टर म्हणाल्या, कुठून आलं हे काचेवर दिसत नाही. त्याने पाचही गोळ्या गिळल्या. दोन दिवस दारू प्यायची नाही असं सिस्टरांनी बजावलं. तो म्हणाला, इथे तर दारूबंदी आहे. सिस्टर म्हणाल्या, म्हणूनच सांगते. सरूबाई त्यानंतर त्या तक्रारीसाठी आली नाही. पण विठ्ठल अधूनमधून यायचा, कधी मित्राला घेऊन, ब्लडप्रेशर तपासायला म्हणून.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची हाकाटी झाली. दोन दिवसांत वस्ती रिकामी झाली. आम्हीही पोरांना घेऊन अमळनेर गाठलं. मी सिस्टरांना सांगायला गेले तेव्हा त्या तोंडाला रुमाल बांधून प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटत होत्या. त्यांना म्हटलं, तुम्हीही निघा. त्या म्हणाल्या, एवढ्या गर्दीत उभं राहून जायला पाय नाहीत माझे. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा त्या होत्या तिथेच होत्या. गालफडं बसलेली, आवाज बसलेला.

लोक परतले आणि महिन्याच्या आत एक नवाच प्रकार सुरू झाला. बायांची रांग लागली, सगळ्यांची एकच तक्रार. भयंकर खाज आणि दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं. सगळ्या शेडकार्डावरच्या त्याच एका तुकड्यावर बोट ठेवत होत्या. एकीने भीतभीत विचारलं, प्लेग खालून निघतो आहे का. ही अफवा वस्तीत पसरली होती आणि दोन नवऱ्यांनी बायकांना वेगळं झोपवलं होतं, एकीचं ताटही वेगळं केलं होतं.

सिस्टरांनी दोघीचौघींना तपासलं आणि पाचवीला वेगळाच प्रश्न विचारला, "कॅप्सूल किती खाल्ल्या?"

बाई बोटं मोजायला लागली. वाटलेल्या खाल्ल्या होत्या, मग दुकानातून आणलेल्या खाल्ल्या, आणि घरातले बाकीचे खात नव्हते म्हणून त्यांच्याही वाया जाऊ नयेत म्हणून खाल्ल्या. सिस्टरांनी पेन ठेवलं. मी त्यांना हसताना फार कमी वेळा बघितलं, तेव्हा त्या हसल्या, थकून खोकला येईपर्यंत. मग बाहेर येऊन सगळ्या रांगेला एकदमच सांगितलं. अंगात काही जंतू राखणदारीला असतात. औषधाच्या माऱ्यात चोर मेले की नाही माहीत नाही, पण राखणदार मेले. मग आतली बुरशी माजली. हा प्लेग नाही, कुणाला लागणार नाही, ताट वेगळं करायचं नाही. ज्या दोन नवऱ्यांनी बायकांना वेगळं ठेवलं होतं त्यांना बोलावून हेच परत सांगितलं.

आत ठेवायच्या गोळ्या दिल्या. एका बाईने त्या पाण्यासोबत गिळल्या आणि गुण येत नाही म्हणून भांडायला आली. त्यानंतर सिस्टर प्रत्येकीला हाताची मूठ करून दाखवायच्या, कुठे आणि कशी ठेवायची. सगळ्या बऱ्या झाल्या, एक सोडून. तिला परत परत तेच व्हायचं. सिस्टरांनी तिची लघवी तपासायला पाठवली तर साखर निघाली. कुठलंही एक उत्तर सगळ्यांना लागू आहे असं त्या कधी धरून चालत नसत. द्वारकाबाईनंतर तर नाहीच.

सत्त्याण्णवच्या शेवटी सिस्टर निवृत्त झाल्या. नवी मुलगी आली, हुशार होती, भराभर काम करायची. दारावरचा पुठ्ठा रंगकामाच्या वेळी काढला तो परत लागला नाही. मी लावला नाही.

आणि त्याच हिवाळ्यात माझं मलाच सुरू झालं. आधी पांढरं, मग पिवळसर, वास येणारं. मग नवऱ्याजवळ गेल्यावर रक्ताचा डाग. धाकट्याच्या पाठीवर तांबी बसवून घेतली होती, तिला आठ वर्षं होऊन गेलेली. दिवसभर मी दुसऱ्या बायांच्या केसपेपरवर हेच शब्द लिहीत होते. घरी आले की आपला कपडा वेगळा धुऊन आतल्या दोरीवर, साडीखाली वाळत घालत होते. आज सांगू, उद्या सांगू करत चार महिने काढले. रोज द्वारकाबाई आठवायची आणि ती आठवली की आणखीच सांगवत नसे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पापड घेऊन लिंबायतला सिस्टरांच्या खोलीवर गेले. त्या चहा ठेवायला वळल्या, त्यांची पाठ माझ्याकडे होती. तेवढ्यात मी सांगून टाकलं. त्यांनी स्टोव्ह बंद केला. वळून माझ्यासमोर बसल्या आणि अनोळखी बाईला विचारावं तसं सगळं एकापाठोपाठ एक विचारलं. कधीपासून. वास. खाज. पोटात दुखणं. रक्त कधी येतं. मी उत्तरं देत गेले. चार महिने म्हटल्यावर त्या थांबल्या. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी आठला मोठ्या हॉस्पिटलच्या दाराशी उभी राहा, काही खाऊन ये.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याआधी पोहोचल्या होत्या. तीन तास बसावं लागलं. आत माझ्यासोबत आल्या. डॉक्टरीण तरुण होती, ती काही न सांगता सुरू करणार तोच सिस्टर तिला म्हणाल्या, आधी सांगा तिला. मग ती सांगत गेली. तांबी काढली. पिशवीच्या तोंडावरून काडी फिरवून काचपट्टी केली, लालसर दिसत होतं तिथला तीळभर तुकडा तपासायला घेतला. सिस्टरांनी माझं मनगट धरलं होतं. त्यांचा हात गार होता.

ते आठ दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघी गेलो. सूज होती, जंतूंची लागण होती, बाकी काही नव्हतं. नवरा-बायको दोघांनी औषध घ्यायचं आणि सहा महिन्यांनी परत दाखवायचं. सिस्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, घडी करून माझ्या पिशवीत ठेवला. आम्ही हॉस्पिटलबाहेर कडुनिंबाच्या पारावर बसलो. मी रडत होते, सुटल्यासारखं. त्या रडू देत होत्या.

माझं रडणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मंदा, एवढी वर्षं मी केलं काय गं?"

मी म्हटलं, "सिस्टर, मी आले ना तुमच्याकडे."

"आलीस. पण चार महिन्यांनी आलीस. आणि तू तर रोज माझ्या दाराशी बसत होतीस."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पिशवीतून केळी काढली, एक मला दिलं, एक स्वतः सोललं. खाऊन झाल्यावर सालं हातात घेऊन डबा शोधत राहिल्या, जवळ कुठे डबा नव्हता, शेवटी पिशवीतच ठेवली.

पुढच्या सोमवारी मी नव्या सिस्टरला न विचारताच पुठ्ठा लिहिला आणि दारावर लावला. तिने काही दिवस कटकट केली, मग पडद्यामागे बायांना न्यायला लागली. हे मी सिस्टरांना कळवलं. त्या "हं" म्हणाल्या.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या भावाकडे भुसावळला कायमच्या निघाल्या. गुडघे गेले होते, वरच्या मजल्यावरची खोली झेपत नव्हती. मी उधना स्टेशनवर पोहोचवायला गेले. सामान फारसं नव्हतं, एक ट्रंक आणि दोन पिशव्या. सकाळची गाडी उभीच होती. खिडकीची जागा मिळाली. मी पिशव्या वर ठेवून दिल्या, पाण्याची बाटली हातात दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिले.

मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं ते सगळं प्लॅटफॉर्मवर सांगावं असं ठरवून आले होते. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. मी चहा आणायला गेले. परत आले तेव्हा त्यांचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, बाटली मांडीवर आडवी. गाढ झोप लागली होती. समोरच्या बाकावर बसलेली बाई मला म्हणाली, उठवू का?

मी नको म्हटलं. चहाचा कप खिडकीच्या कडेवर ठेवला तर गाडी हलल्यावर सांडेल, म्हणून तो मीच प्यायले. गाडी हलली तरी त्या जाग्या झाल्या नाहीत.